मासे खाणाऱ्यांची अब्रू

मासा खाण्यात कमीपणा नाही, मासा धरण्यात मात्र आहे, अशी एक चमत्कारिक समजूत आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसली आहे. गृहस्थ बाजारात जाऊन, कल्ले उघडून, डोळा पारखून, मासळीवालीशी घासाघीस करून चोणक घेऊन आला तर त्याला आपण चोखंदळ म्हणतो. तोच चोणक त्याच्या मुलाने खाडीकाठी उभे राहून गरीने धरून आणला, तर त्या घराला आता काय अवकळा आली म्हणून शेजारीपाजारी हळहळतात. मासा तोच, हुमण तेच, खाणारे तोंडही तेच. अब्रू तेवढी मधल्या वाटेवर कोठे सांडते, हे आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

हा विषय आज काढण्यास कारण घडले आहे. आमच्या परिसरातील एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेपुढे (देवस्थानचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, अशी देवस्थाने बरीच आहेत आणि असे महाजन त्याहूनही बरेच) असा ठराव आला की, महाजनांच्या घरांतील मुलांनी खाजनाच्या बांधावर आणि मानशीपाशी गरीने मासे धरू नयेत, आणि जे धरतील त्यांना उत्सवातील सेवेतून वगळावे. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी भाषण असे केलेच नाही. एकच प्रश्न विचारला. "आमचीं भुरगीं गरी घेवन मानशीर बसतात, हें शोबता?" सभेत माना डोलल्या. मागाहून दुसऱ्या एकाने हिंसेचा मुद्दा काढला, तिसऱ्याने प्लॅस्टिकचा. वेळ झाल्यामुळे ठराव तहकूब राहिला, म्हणून पुढच्या सभेपूर्वी चार शब्द लिहिण्याची संधी आम्हांस मिळाली आहे. ठरावामागे आणखी एक कारण आहे; ते त्या दिवशी कोणी उच्चारले नाही. ते आम्ही यथावकाश उच्चारणार आहोत.

प्रथम इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांसाठी खाजन आणि मानस म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गोव्यातील नद्या समुद्राच्या भरतीने आत कित्येक मैल खाऱ्या होतात. त्यांच्या काठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून राखली आणि पिकविली; तिला खाजन म्हणतात. बांधात जागोजाग लाकडी फळ्यांचे दार असते, ती मानस. ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने दार बाहेर उघडते आणि शेतातील पाणी नदीत जाते. भरतीला नदीचे पाणी वर चढले की तेच दार आपोआप मिटते. यंत्र नाही, पंप नाही. ही व्यवस्था ज्या गावकऱ्यांनी चालविली त्या पोर्तुगिजांच्या आधीच्या आहेत. १५२६ सालच्या सनदेत त्यांची रूढी केवळ लिहून घेण्यात आली. मानशीच्या आतील पाण्यातले मासे धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता ही मुले तेथे काय करतात ते पाहू. ती सहा-सात जण आहेत. कोणी शाळेत, कोणी महाविद्यालयात. ती मानशीच्या बाहेरच्या अंगास, नदीच्या बाजूला उभी असतात. त्यांच्या गरीला ना सुंगट असते ना गांडूळ. असतो तो मऊ प्लॅस्टिकचा बोटभर मासा. गावात त्याला रबराचा मासा म्हणतात, पण तो रबराचा नाही. पॉलिव्हिनिल क्लोराइडची भुकटी एका तेलकट द्रवात कालवावयाची, ते मिश्रण तापवून साच्यात ओतावयाचे आणि निवू द्यावयाचे, की अशी लवचीक वस्तू तयार होते. अमेरिकेतील ओहायो प्रांतात अॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या कारागिराने १९४९ साली आपल्या स्वयंपाकघरात असे मऊ गांडूळ प्रथम ओतले आणि गोड्या पाण्यातील बास मासा त्याला भुलला. तेथून ही वस्तू जगभर पसरली, आणि आमच्या खाड्यांतील चोणक व तांबसो हेही बास माशापेक्षा फारसे शहाणे निघाले नाहीत.

पाहणाऱ्याला वाटते, दांडी फिरवली, दोरी फेकली, मासा लागला. या मुलांनी पहिले कित्येक आठवडे काहीही धरले नव्हते, हे ठरावाच्या कैवाऱ्यांना ठाऊक नाही. आम्ही संध्याकाळी त्याच बांधावर फिरावयास जातो, म्हणून आम्हांस ठाऊक आहे. सुंगट लावून गरी टाकणारा माणूस माशाच्या नाकावर विसंबतो. सुंगटाला वास आहे, ते तडफडते. धरणाऱ्याने झोप काढली तरी सुंगट आपले काम करीत असते. प्लॅस्टिकच्या तुकड्याला ना वास, ना जीव. त्याला जीव द्यावयाचा तो धरणाऱ्याच्या मनगटाने. आणि जीव द्यावयाचा म्हणजे खरा लहान मासा त्या जागी, त्या वेळी, त्या पाण्यात कसा वागला असता, हे आधी माहीत पाहिजे. येथे सगळी विद्या आहे.

ती विद्या थोडी खोलात जाऊन सांगतो, कारण तिचे स्वरूप कळल्यावाचून आमचे म्हणणे कळणार नाही. गरीच्या मानेशी धातूची एक गोळी ओतलेली असते. तिचे वजन पाण्याच्या ओढीप्रमाणे निवडावे लागते. आमच्या खाडीत सात ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंत बहुधा पुरते. गोळी जड झाली तर मासा दगडासारखा तळाला जाऊन चिखलात रुततो. हलकी झाली तर प्रवाह त्याला पानासारखा वर उचलून नेतो. गरी माशाच्या अंगातून ओवताना आधी तिच्या शेजारी मासा धरून, टोक पाठीतून कोठे बाहेर यावे तेथे नखाने खूण करतात. कारण अंग किंचित वाकडे बसले तरी तो पाण्यात भोवऱ्यासारखा गरगरतो, आणि गरगरणारा मासा कोणत्याही चोणकाने जन्मात पाहिलेला नसतो. कांदळाच्या मुळांत टाकावयाचा असेल तेव्हा गरीचे टोक परत त्याच्याच पाठीत दडवितात, म्हणजे मुळांना अडकत नाही. टाकल्यावर बुडू द्यावयाचा, मनाशी आकडे मोजावयाचे, दांडीचे टोक हळूच उचलावयाचे, आणि पुन्हा पडू द्यावयाचा. चोणक बहुधा झडप घालतो ती आमिष वर चढताना नव्हे, तर असे खाली पडताना. त्या क्षणी दोरी सैल असते, हाताला काहीच कळत नाही. दोरीकडे डोळे लावून बसलेल्यालाच तिचा एक बारीक झटका दिसतो. चोणकाच्या गालफडाची धार सुरीसारखी असते, म्हणून शेवटचे हातभर तंगूस जाड घ्यावे लागते. हा धडा प्रत्येक मुलगा एकेक मासा घालवून शिकला आहे.

परंतु हे सारे हाताचे कसब झाले. खरी शिकवण कोठे टाकावे आणि केव्हा टाकावे यात आहे. ओहोटी लागून मानशीचे दार उघडले की आतली सुंगटे आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर लोटते. चोणक मोठ्या प्रवाहात कधी उभा राहत नाही; तो दाराच्या कडेला, जेथे पाणी उलटे फिरून संथ होते तेथे, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहून येणारे तोंडात ओढून घेतो. मुलांना हे आता तोंडपाठ आहे. उधाणाला ओढ इतकी असते की हलकी गोळी ठरत नाही, भांगाला इतकी कमी की मासळी बाहेर येत नाही, मधले दिवस चांगले, हेही त्यांना कळते. पंचांग आमच्या घरांत आता खिळ्याला लटकलेले असते आणि एकादशी-संकष्टीपुरते उतरविले जाते. ही मुले त्यात अष्टमी आणि अमावास्या पाहतात. त्यांच्यापैकी एकाने आम्हांस सांगितले की, पाऊस पडून गेल्यावर मानशीतून तांबडे पाणी किती दिवस येते यावरून वरच्या डोंगराची झाडे कोठे तोडली गेली असावीत हे सांगता येते. त्याचे वय सतरा. आम्ही त्या गावी पन्नास पावसाळ्यांपासून तीन कमी काढले आहेत, आणि हा विचार आमच्या सभेतील एकाही ज्येष्ठाच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही.

आणि अशा मुलांमुळे आमची अप्रतिष्ठा होते! ज्यांच्या घरी चातुर्मासात महाभारत लावले जाते त्यांनी तरी हे म्हणू नये. ज्या व्यासांनी ते सांगितले त्यांची माता सत्यवती दाशराजाच्या घरी वाढली, होडी वल्हवीत होती, आणि तिच्या अंगाला माशाचा वास येत होता म्हणून तिला मत्स्यगंधा म्हणत. कुरुकुळाला तिच्या पोटी वंश चालविण्यात अप्रतिष्ठा वाटली नाही. त्याच महाभारताच्या शल्यपर्वात सारस्वत मुनींची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात ऋषी अन्नासाठी दाही दिशांना गेले आणि वेद विसरले. सरस्वती नदीने आपल्या पुत्राला सांगितले की, तू जाऊ नकोस, मी तुला मासे देईन. तो राहिला, मासे खाऊन जगला, वेद राखले, आणि परत आलेल्या साठ हजार ऋषींनी ते त्याच्यापाशी बसून पुन्हा म्हटले. ही कथा आमच्यातील कित्येक जण आपला मत्स्याहार शास्त्रसंमत ठरविण्यासाठी उत्साहाने सांगतात. तिचे दुसरे अंग ते सांगत नाहीत. नदीने मासे दिले, कारण अवर्षणातही नदी जिवंत होती. आज आपल्या गावची नदी कोणते मासे देते, कोणत्या महिन्यात देते, आणि कोणते द्यावयाचे थांबली आहे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? बाजारात ते कळत नाही. बाजारात गावची मासळी संपली तर दुसऱ्या राज्याची येते, आणि ताटात फरक पडत नाही. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात गोव्याचे रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रस्त्यावर उतरले, उपोषणास बसले, आणि १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. त्या काळी आमच्या ओसऱ्यांवर चर्चा चालली होती ती बांगडे महाग झाल्याची.

हिंसेच्या मुद्द्याला आम्ही थोडक्यात उत्तर देतो. देवळाच्या तळीतील माशाला कोणी हात लावू नये. तो देवाचा आश्रित आहे, आणि त्याविषयी मुलांचे व आमचे दुमत नाही. परंतु मानस म्हणजे तळी नव्हे. जो मनुष्य पूर्ण शाकाहारी आहे त्याने हिंसेचा आक्षेप घ्यावा. त्याच्यापुढे आम्ही मान लववू. सभेत हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात बुधवारी काय खाल्ले हे आम्ही विचारणार नाही; सोमवारी खाल्ले नाही एवढे आम्ही गृहीत धरतो. मात्र या बाबतीत मुलांनाही एक गोष्ट ऐकविली पाहिजे. मासा धरावयाचा, त्याला दमवावयाचे, हवेत धरून छायाचित्र काढावयाचे, मग पाण्यात सोडून आपण अहिंसक झालो म्हणून मिरवावयाचे, ही नवी रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. खाण्यासाठी धरावा. एक मिळाला, घरचे भागले, की दांडी गुंडाळावी. सोडावयाचा तो लहान म्हणून किंवा फार मोठा म्हणून; आणि सोडावयाचाच असेल तर गरीचा काटा आधीच चपटा करून ठेवावा, हात ओला करावा, मासा पाण्यातच असू द्यावा, आणि छायाचित्राचा मोह आवरावा.

फार मोठा का सोडावा, याला कारण आहे. चोणक जन्मतो तो बहुधा नर. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, अंगाने बराच वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे खाडीतील प्रचंड चोणक, ज्याच्याविषयी गावभर बोलले जाते, तो बहुतेक मादीच. आणि अशी एक मादी पावसाळ्यात नदीच्या मुखाशी लक्षावधी अंडी सोडते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर हाच मासा ५८ सेंटिमीटरहून लहान किंवा १२० सेंटिमीटरहून मोठा असेल तर ठेवू देत नाहीत. आमच्याकडे मोठा मासा हा मानाचा मासा. तो पाहुण्यांसाठी, तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीसाठी. खाडीचे गर्भाशय आपण परातीत वाढतो, आणि पुढच्या वर्षी मासे कमी झाले म्हणून दर्याला बोल लावतो.

आता प्लॅस्टिक. सभेतील तीन आक्षेपांपैकी हा एकच आक्षेप खरा आहे, आणि तो ज्या सौम्यपणे घेतला गेला त्याबद्दल आमची तक्रार आहे. तो अधिक कडक शब्दांत घ्यावयास हवा होता. ज्या तेलकट द्रवामुळे हा मासा मऊ राहतो तो द्रव त्याच्यातून हळूहळू पाझरतो. हा मासा दुसऱ्या काही जातींच्या कठीण प्लॅस्टिकला लागून पेटीत ठेवला तर काही दिवसांत ते प्लॅस्टिक वितळून चिकट होते. मुलांच्या दोन पेट्या अशा बिघडल्या. शेजारच्या पेटीला वितळविणारी वस्तू नदीत पडली तर नदीला काय करील, हा विचार प्रत्येकाने करावा. तुटून पडलेला तुकडा पाण्यात फुगतो, कुजत नाही, आणि पुन्हा कोणातरी माशाच्या पोटात जातो. अमेरिकेत मेन प्रांतात ट्राउट माशांवर प्रयोग करून २००९ साली जे प्रसिद्ध झाले त्यात असे आढळले की, टाकाऊ मऊ तुकडे हे मासे आपण होऊन गिळतात आणि त्यानंतर त्यांचे वजन घटते. गळ्याशी गोळी असते ती बहुधा शिशाची. इंग्लंडात शिशाच्या वजनांनी हंस मरू लागले तेव्हा १९८७ पासून गरीसाठी तसली वजने विकण्यास बंदी झाली. आमची मुले वापरतात ती सात ते चौदा ग्रॅमची गोळी निदान वजनाने तरी त्या बंदीच्या मर्यादेत येते. आमच्या देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली त्यांच्या यादीत कानकाड्या आहेत, थाळ्या आहेत, पेल्यातून पिण्याच्या नळ्या आहेत. हा मासा नाही. तेव्हा कायदा येथे आपल्या मदतीस येत नाही. गावाने स्वतः नियम केला पाहिजे.

परंतु नियम करणे निराळे आणि मुलांना हाकलणे निराळे. त्याच मानशीखाली उत्सवानंतर आठवडाभर ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची मखरे आणि पत्रावळीच्या नावाखाली खपणाऱ्या चकचकीत थाळ्या तरंगतात, त्या कोणत्या मुलाने गरीला लावल्या होत्या? आम्ही हे एका दोषाने दुसरा झाकण्यासाठी म्हणत नाही. दोन्ही दोष आहेत, दोन्ही निपटावे. फक्त एवढेच की, पहिल्या दोषाविरुद्ध आजवर एकही ठराव आलेला नाही, आणि दुसऱ्याविरुद्ध सहा महिन्यांत आला. इतकी तत्परता कोठून आली?

येथे आम्ही त्या न उच्चारलेल्या कारणाशी येतो. मानशीचा लिलाव घेणारा मनुष्य ओहोटीच्या वेळी दारात जाळे लावतो आणि बाहेर जाणारी मासळी धरतो. हा त्याचा हक्क आहे, त्याने पैसे मोजलेले आहेत. परंतु आत मासळी जितकी अधिक शिरेल तितकी बाहेर पडताना अधिक मिळणार. म्हणून काही ठिकाणी भरतीला मिटावयाच्या फळ्या टेकू लावून उघड्या ठेवल्या जातात, हे गोव्यातील खाजनांच्या कुळांचे जुनेच गाऱ्हाणे आहे. खारे पाणी मग मर्यादेबाहेर आत येते, बांधाचा पाया खाते, आणि एक दिवस बांध फुटतो. खाजनातील कोरगुट भात खारटपणा सोसते खरे, पण त्यालाही सीमा आहे. शेत एकदा समुद्राच्या पाण्याखाली गेले की दोन-तीन पावसाळे धुपल्याशिवाय ते पिकत नाही. आणि मग लोक म्हणतात की शेती परवडत नाही, पडीक टाकू, भराव घालू, विकून टाकू.

गेल्या हंगामात या मुलांनी तीन संध्याकाळी पाहिले की, भरती अर्धी चढली तरी मानशीच्या दोन फळ्या मिटलेल्या नाहीत. त्यांना ते कळले कसे? मासा लागेना, म्हणून. पाणी ज्या वेळी स्थिर होऊन उलट फिरावयास हवे त्या वेळी दारातून आत ओढ लागली होती, आणि त्यांचा प्लॅस्टिकचा मासा आत खेचला जात होता. बांधावरून येणाऱ्या-जाणाऱ्या दहा माणसांपैकी एकालाही जे दिसले नाही ते दोरीच्या टोकाशी लावलेल्या चार बोटे लांबीच्या तुकड्याने त्यांना सांगितले. त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली, घरच्यांनी देवस्थानच्या कारभाऱ्यांना सांगितली. आणि पुढच्याच सभेत मुलांनी मानशीपाशी जाऊ नये असा ठराव आला. आम्ही कोणावर आरोप करीत नाही. फळ्यांना टेकू कोणी लावला हे आम्ही पाहिलेले नाही, मुलांनीही पाहिलेले नाही. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही न्यायालयात रोज ऐकतो आणि प्रसंगी स्वतःही सांगतो. परंतु साक्षीदाराला गावाबाहेर पाठविण्याचा अर्ज कोणी केला तर न्यायाधीश निदान कारण विचारतो, आणि सभेने ते विचारावे एवढे आमचे म्हणणे आहे.

ठरावाच्या कायदेशीरपणाविषयीही दोन शब्द. देवस्थानांची नियमावली, जी १९३३ साली पोर्तुगीज अमदानीत झाली आणि जिच्या आधारे हे महाजन सभेला बसतात, तिचा विषय देवस्थानचा कारभार, मालमत्ता आणि महाजनांचे हक्क हा आहे. वाहत्या नदीत कोणाच्या मुलाने गरी टाकावी हा नव्हे. मानशीच्या आतील मासळी लिलावदाराची असेल. बाहेरची नदी कोणा एकाची नाही. कुलू खोऱ्यातील बियास नदीच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, समुद्र, वाहते पाणी, हवा, अरण्ये ही सरकारजवळ लोकांची ठेव आहे, खाजगी मालकीची वस्तू नव्हे. बांधावर उभे राहण्यास मज्जाव करण्याचा अधिकार कोणाचा, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तो गावकरीच्या सभेत निघावा. उत्सवातील पालखीची सेवा काढून घेऊन तो सुटणार नाही. देवाची सेवा ही कोणाला शिक्षा म्हणून काढून घेण्याची वस्तू आहे की काय, याचा निर्णय महाजनांनी देवासमोर बसून करावा.

ठराव फेटाळावा असे आम्ही म्हणत नाही, कारण फेटाळलेला ठराव दुसऱ्या वर्षी दुसरे कपडे घालून येतो. त्यास दुरुस्ती सुचविण्याची नोटीस आम्ही दिली आहे. मुलांनी मानशीच्या बाहेरच्या अंगास मासे धरावे. जितके प्लॅस्टिकचे मासे घेऊन जातील तितके मोजून परत आणावे. तुटला तर ओहोटीला चिखलात उतरून शोधावा, आणि महिन्यात दोनांहून अधिक हरवले तर त्या मुलाने पुढचा महिना सुंगट लावून गरवावे. फाटके तुकडे आणि तंगुसाचे गुंते घरी न्यावे. शिशाची गोळी बंद करावी. टंगस्टनची मिळते, ती महाग आहे, तिचा खर्च हौस करणाऱ्याने सोसावा. दोन फुटांहून लहान आणि तीन फुटांहून मोठा चोणक सोडून द्यावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. त्या दोन महिन्यांत मुलांनीही दांडी माळ्यावर ठेवावी. सरकारची बंदी उठते त्या सुमारास आमचा श्रावण लागतो, तेव्हा आणखी एक महिना घरच्यांच्या धाकानेच पाळला जाईल. आणि उत्सवात महाजनांपैकी कोणाच्याही घरचे प्लॅस्टिकचे निर्माल्य मानशीखाली सापडले, तर त्या घरालाही हाच नियम लागू करावा.

दुरुस्तीत शेवटचे कलम असे आहे की, मानशीपाशी एक वही ठेवावी आणि तीत रोज भरती-ओहोटीच्या वेळी फळ्या उघड्या आहेत की मिटलेल्या याची नोंद, तिथी आणि वेळ घालून, व्हावी. ती वही दर महिन्यास सभेपुढे यावी, आणि नव्याच्या पंचमीला देवापुढे कणसे ठेवावयाची ती याच खाजनातून आली की बाजारातून, हेही तीत लिहावे. वही कोणाच्या स्वाधीन करावी ते सभेने ठरवावे. त्या वेळी तेथे नेमाने हजर असणारे सहा-सात जण आमच्या माहितीत आहेत, आणि त्यांना भरतीची वेळ विचारावी लागत नाही.